हाफ प्लेटमधलं वावर

वऱ्हाडात निसर्गाचे फोटो काढायला शिकायचं म्हटलं की सगळे चिखलदऱ्याकडे बोट दाखवतात. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट, वर गेलं की देवी पॉइंट, भीमकुंड आणि गाविलगडाची तटबंदी. पावसाळ्यात दरीतून ढग वर येतात आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तेच ढग उतरतात. मीही तिथे गेले, कॅमेरा लावला, निगेटिव्ह घेऊन आले. चिखलदरा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जमिनीकडे कसं बघायचं हे मला ज्या जमिनीनं शिकवलं ती डोंगरावर नव्हती. ती दर्यापूर, मूर्तिजापूर आणि अकोट यांच्या मधल्या, पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या सपाट काळ्या वावरांत होती. तिथे फोटो काढायला म्हणून कुणी जात नाही.

मी अमरावतीला शिकते. शिकवणारे मात्र अकोल्यात सापडले. जुन्या शहरात, मोर्णेपलीकडे, एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत हाफ प्लेटचा लाकडी कॅमेरा अजून चालू स्थितीत आहे, हे मला शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोंची चौकशी करताना कळलं. स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमवर चालतो. पुढचं काउंटर मुलगा सांभाळतो. काका मागे बसतात. त्यांनी उमेदीची वर्षं शाळांचे आणि बँकांचे ग्रुप फोटो काढण्यात घालवली. मी ‘या कॅमेऱ्यानं वावराचे फोटो काढायचेत’ म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “चाळीस माणसं उभी करून फोटो काढले मी. नुसत्या मातीचा कोणी काढायले नाही सांगितला.”

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडायची. कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव, अकोला. मूर्तिजापूरला खिडकीतून शकुंतलेचे नॅरोगेज रूळ दिसतात. एका बाजूला अचलपूर, दुसऱ्या बाजूला यवतमाळ. किलिक निक्सन कंपनीच्या या लाइनीनं वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या रुळांवर १९९४ पर्यंत धावलं. आता गाडी बंद आहे आणि रुळांवर गवत माजलंय. बसनं जायचं तर महामार्ग आहे. याच अमरावती–अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता झाला हे चांगलंच झालं. पण त्या वेगात खिडकीबाहेरचं वावर पावसाळ्यात एकसारखं हिरवं आणि उन्हाळ्यात एकसारखं काळं दिसतं. मला त्या एकसारखेपणाच्या आत शिरायचं होतं.

कॅमेरा सागवानी आहे. पितळी बिजागऱ्या, मरून रंगाचा भाता, मागे दुधी काच. बनावटीची पट्टी झिजून गुळगुळीत झालीय, त्यामुळे तो कुणी बनवला ते वाचता येत नाही. केरळात आलप्पुळाला वागीश्वरी नावाचे असेच सागवानी कॅमेरे बनत, त्याच ठेवणीचा हा वाटतो. लेन्सला शटर नाही. टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी लावायची. स्लाइडा काचेच्या प्लेटसाठी केलेल्या आहेत, म्हणून फिल्म पत्र्याच्या पातळ शीथमध्ये सरकवून मगच स्लाइडमध्ये बसवायची. तीन पायांचं लाकडी स्टँड, काळं कापड, स्लाइडांची पिशवी. एवढं घेऊन एसटीत चढलं की कंडक्टर आधी सामानाकडे बघतो, मग अर्धं तिकीट फाडतो.

सुरुवातीला काकांनी फिल्मला हात लावू दिला नाही. कॅमेरा गच्चीवर लावायचा, कापडाखाली शिरायचं आणि बघत राहायचं. “पह्यले पाह्य, मंग काढजो,” एवढंच. दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. मंदिराचा कळस खाली, गच्चीचा कठडा वर. डोळा आधी बिथरतो, मग हळूहळू वस्तूंची नावं सोडून देतो. हा कळस, ही टाकी, ही तार असं न दिसता इथे उजेड, इथे अंधार, इथे दोहोंची सीमा असं दिसायला लागतं. मोबाइलवर फोटो काढताना ही अवस्था मला कधी आली नव्हती. कापडाखालच्या अंधारात डोळे निवायला वेळ लागतो आणि तो दिल्याशिवाय काच काहीच दाखवत नाही.

फिल्मचा प्रश्न होता. परदेशी शीट फिल्म मुंबईहून मागवायची तर विद्यार्थ्याच्या खिशाला ती झेपत नाही. तोड निघाली एक्स-रे फिल्मची. दवाखाने डिजिटल होत चाललेत, तरी मेडिकलच्या ठोक दुकानांत हिरव्या उजेडाला संवेदनशील असलेल्या फिल्मचे डबे अजून मिळतात. आठ बाय दहा इंचांच्या एका फिल्ममधून हाफ प्लेटचे, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचे, दोन तुकडे निघतात. ही फिल्म लाल रंगाला आंधळी असते, त्यामुळे लाल दिव्यात कापता येते आणि धुतानाही डोळ्यांनी बघता येते. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं हे मोठंच भाग्य आहे. पूर्ण अंधारात घड्याळावर विसंबून धुण्याऐवजी निगेटिव्ह आपल्या डोळ्यांसमोर काळी होत जाते.

कापताना मापापेक्षा केसभर कमी कापायचं, नाहीतर तुकडा शीथमध्ये शिरत नाही. फिल्मच्या दोन्ही बाजूंना इमल्शनचा थर असतो, म्हणून बोटं फक्त कडांना लावायची. ओली झाल्यावर हा थर इतका मऊ होतो की ट्रेच्या तळाचा एखादा कणही त्यावर रेघ ओढतो. काकांनी ट्रेच्या तळाशी मापाची काच बसवून दिली आणि एका वेळी एकच तुकडा धुवायचा असा नियम घातला. या फिल्मची आणखी एक खोड आहे. साध्या फिल्मला पाठीमागे परतणारा उजेड अडवणारा थर असतो, तो हिला नाही. त्यामुळे फार उजळ वस्तूच्या कडेला थोडा उजेड पाझरतो. फुटलेल्या बोंडाभोवती त्यानं जे होतं ते मला आवडतं. कापूस काळ्या मातीवर पडल्या उजेडानं नाही, स्वतःच्या उजेडानं उभा राहिल्यासारखा दिसतो.

हिवाळ्यात, वेचणीच्या दिवसांत, अकोट रस्त्यानं निघाले. या रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. त्याच्या आगेमागे खारपाण पट्टा आहे. इथे जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खोदता येते, पण त्या पाण्यावर पीक काढता येत नाही, पिताही येत नाही. शेती वरच्या पावसावर. खरिपात कपाशी, तूर, मूग आणि पाऊस ओसरल्यावर मातीत राहिलेल्या ओलीवर हरभरा. माती खोल, चिकण आणि काळी. पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि मग हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्तमानपत्रांत या मातीचा फोटो छापून येतो तो या भेगांचाच. दुष्काळाची किंवा आत्महत्येची बातमी असली की भेगा आणि त्यावर अनवाणी पाय. मला त्या छायाचित्रांचा मनापासून राग येतो. भेगा पडणं हा या मातीचा दरवर्षीचा श्वास आहे. वरची माती भेगांतून खाली जाते, खालची वर येते, ती आपली आपणच उलथते. एका बातमीपुरतं तिला बघून मान फिरवणाऱ्यांनी तिचा खरा काळा रंग कधी बघितलाच नाही.

धुऱ्यावर स्टँड लावत होते तेव्हा शेजारच्या वावरातून एक काका आले. त्यांचंच वावर होतं. कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली, भात्याला बोट लावलं.

“अठी काय हाय वं माय फोटो काढासारखं? चिखलदऱ्याले जाय ना.”

“जाऊन आले, काका. हे काढायचंय.”

“हे म्हंजे?”

“हे वावर.”

त्यांनी वावराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “काढ बाप्पा,” म्हणाले आणि धुऱ्यावरच बसले. थोड्या वेळानं त्यांना कापडाखाली बोलावलं. ते बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, “आभाळ बुडी गेलं.”

सपाट मुलखाचा फोटो अवघड असतो, कारण डोळ्याला धरायला काही नसतं. डोंगर स्वतःच आकार देतो, इथे तो आपल्याला शोधावा लागतो. पण या जुन्या कॅमेऱ्याची एक हिकमत जणू सपाट मुलखासाठीच आहे. लेन्सची पाटी किंचित पुढे झुकवता येते. फिल्मचं प्रतल, लेन्सचं प्रतल आणि समोरच्या जमिनीचं प्रतल ही तिन्ही पुढे नेली तर एका रेषेत मिळतील असं केलं की पायाशी असलेल्या ढेकळापासून क्षितिजावरच्या बाभळीपर्यंत सगळी जमीन एकदम ठसठशीत येते. ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्फ्लुग यांनी १९०४ मध्ये हवाई छायाचित्रांच्या संदर्भात या तत्त्वाचं पेटंट घेतलं. काकांना हे नाव माहीत नव्हतं, हिकमत पक्की माहीत होती. पायऱ्यांवर बसवलेल्या चाळीस मुलांच्या रांगा पहिलीपासून शेवटच्यापर्यंत ठळक आणायला त्यांनी ती आयुष्यभर वापरली होती. मी तीच पऱ्हाटीच्या तासांना लावली. काचेवर भिंग टेकवून पाटी अर्धा मिलिमीटर झुकवायची, पुढचं बघायचं, मागचं बघायचं, पुन्हा झुकवायची. मग एका क्षणी सगळं वावर काचेवर एकदम लागतं. त्या क्षणासाठी मी थंडीत पहाटे उठायला कधीही तयार आहे.

खरी परीक्षा उजेड मोजण्याची होती. उजेडाचं मीटर, मग ते जुनं असो की मोबाइलमधलं, समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे असं धरून चालतं. काळ्या मातीवर धरलं तर ते मातीला करडी करायला निघतं. कापसावर धरलं तर कापसालाही करडा करतं. अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास यावर झोन पद्धत बसवली. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत पायऱ्या कल्पायच्या आणि कुठली वस्तू कुठल्या पायरीवर ठेवायची हे फोटो काढण्याआधीच ठरवायचं. अॅडम्ससमोर योसेमिटीचा ग्रॅनाइट आणि बर्फ होतं. माझ्यासमोर कापूस आणि काळी माती आहे, आणि माझ्या मते हा जोड जास्त कठीण आहे. ग्रॅनाइट मुळातच मधल्या पायऱ्यांवर बसतो. इथे एकाच चौकटीत, एकाच झाडाच्या वर आणि खाली, दोन्ही टोकं येतात. मातीला मीटर सांगेल त्यापेक्षा दोन पायऱ्या कमी उजेड द्यायचा म्हणजे ती काळी राहते. त्याहून कमी दिला तर ती नुसती शाई होते, ढेकूळ नाही, तास नाही, काही नाही. अकोल्याच्या काकांचं याबाबतचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं, “काळं काळंच ठेव, पण मारू नोको.”

म्हणून वेळ निवडायची ती सूर्य उगवल्यानंतरची, ऊन तासांना आडवं येतं तेव्हाची. प्रत्येक ढेकळाची एक बाजू उजळते, दुसरी अंधारात राहते आणि मातीला अंग येतं. वाराही त्या वेळी पडलेला असतो. बारीक छिद्र ठेवून सेकंद-दोन सेकंदांसाठी टोपी काढायची तर पऱ्हाटी हलून चालत नाही. नऊ वाजले की वारा सुटतो आणि त्या दिवसाचं काम संपतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नरनाळ्याला गेले. अकोटहून उत्तरेला शहानूर, तिथे वनखात्याची परवानगी आणि मग सातपुड्याच्या अंगानं वर. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन गड एकमेकांना बिलगून आहेत. महाकाली दरवाजा १४८७ सालचा, फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कनं बांधलेला. त्याचे जाळीचे सज्जे, कमळं आणि अरबी लेख कोरलेला दगड मोठ्या निगेटिव्हवर असा उतरतो की भिंगाखाली छिन्नीचे घाव दिसतात. दरवाजाचं काम मनासारखं झालं. पण तटावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं आणि मला पूर्णेचं सगळं खोरं दिसलं, पिकं निघालेली, नांगरून पडलेली काळी वावरं, धुऱ्यांच्या रेघा, मधे एखादं निंबाचं झाड. उरलेल्या स्लाइडा मी तिकडेच वापरल्या.

धुण्याचं काम अकोल्यात, रात्री. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि पत्र्याखालची मागची खोली दिवसा वापरताच येत नाही. डेव्हलपरची सगळी कोष्टकं वीस अंश सेल्सिअस धरून लिहिलेली असतात. नळाचं पाणीच पस्तिसाच्या वर असलं तर डेव्हलपर अंगावर आल्यासारखा काम करतो आणि फिल्मचं जिलेटिन फुगून सुटायला लागतं. इथे रांजण उपयोगी पडला. वऱ्हाडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की मातीच्या रांजणातलं पाणी रात्री पंचविशीच्या आसपास येतं. त्यात डेव्हलपरच्या बाटल्या गळ्यापर्यंत बुडवून ठेवायच्या. वीस अंश मिळत नाहीत, पण पंचवीस मिळाले तर वेळ कमी करून भागतं. अगदीच कडक दिवसांत काका डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालतात, त्यानं जिलेटिन फुगत नाही. स्टॉप बाथमध्ये क्रोम अॅलम घातली की थर टणक होतो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि बोरॅक्स हे सगळं ते सोनाराच्या तराजूवर तोलून घरीच कालवतात. फिक्सरचा हायपो प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानातून येतो.

पाण्याचा हिशेब वेगळाच. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येतं आणि नळ रोज येत नाही. निगेटिव्ह वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवावी असं पुस्तकांत असतं. ते इथे पाप आहे. काकांची पद्धत इलफोर्ड कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीच्या जवळची. भांड्यात पाणी घेऊन पाच वेळा हलवायचं, फेकायचं. नवं पाणी घेऊन दहा वेळा. पुन्हा नवं घेऊन वीस वेळा. तीन भांड्यांत काम होतं. शेवटचं खळबळणं फिल्टरच्या कॅनच्या पाण्यानं, कारण क्षारांचं पाणी वाळलं की निगेटिव्हवर पांढरे ठिपके उरतात आणि ते उजेड अडवून प्रिंटमध्येही पांढरेच उतरतात. हायपो निघाला की नाही हे बघायला पोटॅशियम परमँगनेटचं गुलाबी पाणी असतं. शेवटच्या पाण्याचे थेंब त्यात टाकायचे. रंग गेला तर हायपो शिल्लक आहे, पुन्हा धुवा.

रात्री निगेटिव्ह वाळत असताना गप्पा निघतात. या विद्येची मराठी मुलखातली शाळा जुनी आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिचंद चिंतामण पुढे धंदेवाईक छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळात कॅमेऱ्यामागे उभे होते. आपल्या या रेल्वेलाइनीवरच, भुसावळच्या दफनभूमीत, मेजर रॉबर्ट गिल आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं नकलण्यात त्यांची उमर गेली, आणि त्यांनी काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ च्या पुस्तकांत प्रत्येक प्रतीत खरे प्रिंट चिकटवून प्रसिद्ध झाले.

त्या पिढीची सगळी कला कापसावर उभी होती, हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं आणलेली ओली प्लेट म्हणजे काचेवर ओतलेलं कोलोडियन. कोलोडियन म्हणजे आम्लात मुरवून ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला कापूस. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला जगभरातून मागणी आली आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. त्याच वर्षांत जगभरचे छायाचित्रकार कापसाच्या त्या चिकट रसानं काचा माखत होते. प्लेट वाळायच्या आत फोटो काढून धुवायचीही, म्हणजे अंधारखोलीचा तंबू बरोबर न्यायचा. आणि ईथर उकळतं पस्तिसाच्या आतच. अकोल्याच्या मार्चमधली दुपार डोळ्यांसमोर आणली की उन्हाळ्यात या मुलखात तंबू ठोकून प्लेट माखणाऱ्या कुणाही माणसाला मी मनातल्या मनात हात जोडते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली आणि ही दगदग संपायला लागली. आमच्या स्लाइडा त्याच कोरड्या प्लेटच्या मापाच्या आहेत.

प्रिंटिंग मी सर्वांत शेवटी शिकले आणि मला त्यातच सर्वांत जास्त गोडी लागली. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला एन्लार्जर लागत नाही. प्रिंटिंग फ्रेममध्ये निगेटिव्ह आणि कागद समोरासमोर दाबून वर बल्ब लावायचा. आधी कागदाच्या पट्टीवर वेगवेगळ्या सेकंदांची चाचणी. मग पूर्ण प्रिंट. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये आधी बांधावरच्या झाडाचं खोड येतं, मग तासांची सावली, मग सगळी माती आणि कापूस सर्वांत शेवटी, तोही जेमतेम. लाल दिव्याखाली ओल्या कागदावरची माती नेहमीच छान दिसते. पण वाळल्यावर प्रिंट एक छटा गडद होते आणि नेमकी मातीतली बारकी अंधारी नक्षी त्यात बुडते. म्हणून ओला प्रिंट जरा फिकाच काढायचा आणि निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी, दारातल्या उजेडात, वाळलेल्या कागदावर करायचा. काका रात्री कुठल्याही प्रिंटला चांगलं म्हणत नाहीत.

एक प्रिंट मी हट्टानं पुरा केला, तो गांधीग्रामच्या पुढच्या त्या वावराचा. खालचा डावा कोपरा सारखा शाई होत होता. काकांनी फ्रेमच्या काचेवर बाहेरून ट्रेसिंग पेपर लावला आणि त्या कोपऱ्यावर शिसपेन्सिलीनं हलकी छाया घासली. जुने स्टुडिओवाले नवरीच्या डोळ्यांखालचा काळेपणा असाच काढत. तेवढ्या भागात बल्बचा उजेड थोडा अडला आणि कोपऱ्यातली माती उघडली. तिथे एक पट्टा दिसला, बाकीच्या मातीपेक्षा किंचित गुळगुळीत, ढेकळं बसलेली, वर बारीक पापुद्रा. फोटो काढताना तो माझ्या डोळ्यांना दिसला नव्हता. मी तो प्रिंट काचेवर चिकटवून चकाकी दिली, कारण चकाकीवर काळा जास्त खोल जातो. आणखी एक प्रत काढली आणि तूर निघाल्यावर ती घेऊन वावराच्या धन्याकडे गेले.

ते ओसरीवर बसले होते. फोटो हातात घेतला, लांब धरला, मग चष्मा मागवला. कापसाकडे त्यांनी बघितलंच नाही. बोट सरळ खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं.

“हे पाह्य. अठी पाणी साचते दरसाल. चिबडते हा पट्टा.” मग बोट वर सरकलं. “अन् अठी तुरीले मर लागली होती.” मला तिथे फक्त झाडांची रांग तुटलेली दिसत होती. त्यांनी बायकोला हाक मारली, पोराला हाक मारली आणि तिघं मिळून तो फोटो वाचत बसले. कोणत्या तासात बियाणं दुबार टोबलं, कुठे रानडुकरांनी वाट केली, धुरा शेजाऱ्याकडे किती सरकला. मी ऐकत होते आणि वहीत लिहून घेत होते. काळ्यात एवढं काही राहिलं होतं.

“उन्हाळवाही झाल्यावर येजो,” ते म्हणाले. “तवा ढेकळं निंघते. हे काय, हे तं पिकातलं हाय. खरी माती तवा दिसते.”

मी हिशेब करायला लागले. नांगरलेल्या ढेकळांना उंची असते, त्यामुळे नुसती पाटी झुकवून भागणार नाही. छिद्र आणखी बारीक लागेल, टोपी जास्त वेळ उघडी ठेवावी लागेल. कॅमेराही गुडघ्याइतका खाली आणावा लागेल. आणि उन्हाळ्यात ऊन सातलाच डोक्यावर चढतं, म्हणजे उजाडायच्या आत वावरात पोहोचलं पाहिजे. अकोल्याहून सकाळची पहिली बस तेवढ्या लवकर पोहोचत नाही, असं मी म्हटलं.

“मंग आदल्या रातीच ये ना,” घरातून काकू म्हणाल्या. “भाकर हाय, ठेचा हाय. अन् थो तुहा डब्बा बाहेर नोको ठेवजो रात्री, घरात ठेवजो.”